ग्रुपवरचा भाव आणि हातातली पट्टी: धान्याचे आणि जनावरांचे दर वाचायची आमची रीत

‘लातूर सोयाबीन ४,५५०’ असा एका ओळीचा मेसेज आला की आमच्याकडं निम्मं गाव ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायला लागतं. तो भाव कुठल्या मालाचा, किती ओलाव्याचा, किती आवकेवर निघाला, यातलं त्या ओळीत काहीच नसतं. मग संध्याकाळी पट्टी, म्हणजे माल विकून देणाऱ्या आडत्याची हिशोबाची पावती, हातात येते आणि त्याच्या नावानं बोटं मोडणं सुरू होतं. कधी बोटं मोडण्यात तथ्य असतं, पण बऱ्याचदा भाव वाचण्यातच चूक झालेली असते.

मी औसा तालुक्यातल्या एका शेतकरी गटाच्या वह्या लिहिते. घरी सोयाबीन आणि तूर, दोन संकरित गाई, एक म्हैस आणि उस्मानाबादी शेळ्या. वह्या लिहिता लिहिता जी रीत बसली ती इथं मांडते. ती लातूरकडची आहे. तुमच्याकडं कापूस असेल, कांदा असेल, तर आकडे बदला.

सगळ्यात आधी एक करा. धान्याची वही वेगळी आणि जनावरांची वेगळी असं ठेवू नका, एकाच पानावर लिहा. सोयाबीनची पेंड, म्हणजे तेल काढल्यावर उरणारा चोथा, शेवटी कोंबडीच्या पोटात जाते. मक्याला कोंबडी आणि इथेनॉलचा कारखाना अशी दोन गिऱ्हाईकं आहेत. ज्वारी कमी पेरली की कडबा महागतो, कडबा महागला की दावणीची गाय बाजाराला निघते. एक भाव हलला की दुसरा का हलतो, हे एका पानावरच दिसतं.

दरपत्रकातल्या कुठल्या रकान्याकडं बघायचं

राज्याच्या पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे बाजार समितीनिहाय दर येतात, केंद्राच्या ॲगमार्कनेटवरही येतात. रकाने साधे आहेत: जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. ग्रुपवर जो फिरतो तो बहुतेक वेळा जास्तीत जास्त दर असतो. तो चार-सहा कट्ट्यांना मिळालेला असू शकतो, एखाद्यानं बियाण्यासारखा चाळून, वाळवून आणलेला माल. तो तुमचा भाव नव्हे. सर्वसाधारण दर म्हणजे त्या दिवशी बहुतांश माल ज्या दराच्या आसपास गेला तो. कमी आणि जास्त यांची बेरीज करून निम्मी केली की तो येतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं.

सर्वसाधारण दर कुणाकडं झुकलाय हे बघायची सवय लावा. तो कमाल दराच्या जवळ असेल तर त्या दिवशी माल बरा आला होता किंवा खरेदीदारांत चढाओढ होती. किमान दराकडं सरकला असेल तर ओला, डागी माल जास्त होता. काढणीत पाऊस झाला की पुढचे दोन आठवडे तो हमखास खाली सरकतो. त्याचा अर्थ सोयाबीन पडलं असा होत नाही, ओलं सोयाबीन पडलं एवढाच होतो.

आवक बघितल्याशिवाय दर बघायचाच नाही. एखाद्या छोट्या बाजारात दहा क्विंटल आले आणि भाव चांगला निघाला, तर तो वहीत लिहू नका. आवक वाढतेय आणि तरी भाव टिकून आहे, ही खरी मागणी. आवक घटतेय आणि भाव वाढतोय, तेव्हा लोकांनी माल धरून ठेवलाय असं समजा. तो एक दिवस बाहेर येणारच.

जातीचा रकानाही बघा. तुरीत लाल, पांढरी, गज्जर असे वेगवेगळे दर असतात आणि एका जातीच्या भावाशी दुसरीचा भाव ताडून काही हाती लागत नाही. बाजार तोच, जात तीच, वार शक्यतो तोच, असं धरून आठवड्याला एक नोंद पुरते. सणासुदीत बाजार बंद राहिल्यावर पहिल्या दिवशीची आवक फुगलेली असते, ती नोंद सोडून द्या. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याचा भाव तर फक्त फोटोसाठी असतो.

आमच्याकडं बाजार समितीच्या बरोबरीनं ‘प्लांटचा रेट’ही रोज फिरतो, म्हणजे तेल काढणाऱ्या कारखान्याच्या दारातला भाव. तो साधारण १० टक्के ओलावा, २ टक्के माती-काडी आणि २ टक्के डागी दाणा धरून सांगितलेला असतो. माल त्यापेक्षा उतरता असेल तर कपात होते. या अटी न विचारता गाडी भरली तर काट्यावर वाद घालून उपयोग नाही.

ओलाव्याचा हिशोब

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, काढणी झाली की विचारतात, “वहिनी, आज देऊन टाकू का?” मी म्हणते, “आधी मॉईश्चर सांगा, मग सांगते.” हल्ली ओलावा मोजायचं यंत्र गटात असतं, बाजार समितीत असतं, काही आडत्यांकडंही असतं. दोन ठिकाणी मोजून घ्या. पोत्याच्या तोंडाचा दाणा वाळलेला असतो, तळातला दमट, म्हणून हात आत घालून मूठ काढा.

समजा तुमचा माल १६ टक्क्यांचा आहे आणि भाव १० टक्क्यांच्या मालाचा ४,५०० रुपये सांगितलाय. १६ टक्के ओलावा म्हणजे १०० किलोत ८४ किलो कोरडा माल. तो १० टक्क्यांवर आणला की ८४ भागिले ०.९०, म्हणजे ९३.३ किलो उरतो. जवळजवळ सात किलो पाणी उडून गेलं. ९३.३ किलोचे ४५ रुपये किलोनं होतात सुमारे ४,२०० रुपये. तेव्हा तुमच्या ओल्या क्विंटलची रास्त किंमत ४,२०० आहे, ४,५०० नाही. हे मान्य केलं की निम्मी चिडचिड संपते.

आता खरेदीदार ओल्या मालाला ४,१५० देत असेल तर देऊन मोकळे व्हा. पन्नास रुपयांसाठी ताडपत्र्या पसरायच्या, दिवसभर फावडं फिरवायचं आणि रात्री आभाळाकडं बघत झोपायचं, हे परवडत नाही. तो ३,९०० म्हणत असेल तर क्विंटलमागं तीनशे रुपये वाळवण्याचे आहेत आणि ते आपण घरी ठेवू शकतो. दोन-तीन दिवसांच्या चांगल्या उन्हात बराच फरक पडतो. थर पातळ ठेवा. डांबरी रस्त्यावर वाळवू नका, खडे येतात आणि माती-काडीत कपात होते.

कुठल्याही धान्याला हेच सूत्र: शंभरातून आत्ताचा ओलावा वजा करा, त्याला शंभरातून हवा तो ओलावा वजा करून भागा. मक्याला तर हे फारच लागतं, कारण नवा मका सोयाबीनपेक्षा पुष्कळ ओला येतो.

सोयाबीनचा भाव कोण ठरवतं

हा भाग जरा लांब आहे, पण वाचाच.

सोयाबीनला तेलबिया म्हणतात खरं, पण १०० किलोतून तेल निघतं सुमारे १८ किलो. पेंड, बाजारात जिला डीओसी म्हणतात, ती निघते ८० किलोच्या घरात. उरलेली घट. त्यामुळं भावाचा अंदाज घरी बसून करता येतो. समजा पेंड ३४ रुपये किलो आहे आणि कच्चं सोया तेल ११५ रुपये. पेंडीचे २,७२०, तेलाचे २,०७०, मिळून ४,७९०. त्यातून गाळप, वाहतूक, बारदाना, कारखान्याचा नफा असे साडेतीनशेच्या आसपास काढा. उरले ४,४४०. कारखान्याला एवढं देणं परवडतं. बाजार याच्या फार खाली असेल तर भाव सुधारायला जागा आहे. बाजार यालाच चिकटून असेल तर ‘अजून पाचशे वाढणार’ असं कुणी सांगितलं तर विचारा, वाढणार कशाच्या जोरावर?

आता याच हिशोबात आकडे हलवून बघा. तेल किलोमागं दहा रुपयांनी वाढलं तर क्विंटलला १८० रुपये वाढतात. पेंड पाचच रुपयांनी वाढली तर ४००. म्हणून आपल्या भावाची दोरी तेलापेक्षा पेंडीच्या हातात जास्त आहे.

१४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, सगळे कर धरून साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं. आमच्याकडं पेढे वाटायचेच राहिले होते. किराणा दुकानात तेल महागलं, पण सोयाबीन त्या हंगामात ४,८९२ च्या हमीभावाखालीच रखडलं. कारण पेंड उठत नव्हती. जगात सोयाबीन मुबलक होतं, आणि घरात नवा भाऊबंद आला होता: मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, ज्याला डीडीजीएस म्हणतात. त्यातही प्रथिनं असतात, तो पेंडीपेक्षा स्वस्त पडतो, आणि खाद्य बनवणाऱ्यांनी सोयापेंड कमी करून तो मिसळायला सुरुवात केली. पुढं ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आलं.

उलट टोक २०२१ चं. त्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं. तेव्हा शेतकऱ्याकडं माल जवळपास नव्हताच, तरी सगळ्यांच्या तोंडी तोच भाव. कोंबडीवाल्यांना पेंड परवडेना, त्यांनी ओरड केली आणि ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. नवा माल निघेपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदेही, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आज होणारे सौदे, बंद केले आणि ती बंदी वर्षामागून वर्षं वाढत गेली. वायद्यांवरून पुढच्या महिन्यांचा जो अंदाज यायचा तो गेला. आता मी अमेरिकेतल्या शिकागोच्या वायदे बाजारातल्या सोयापेंडीचा कल आणि देशातल्या पेंडीचा दर एवढंच बघते, तेही आठवड्यातून एकदा. रोज बघितलं तर रक्तदाब वाढतो, सोयाबीन वाढत नाही.

मक्याची गोष्ट याच्या शेजारीच लिहा. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि कारखाने मक्याकडं वळले. मका तेजीत गेला, कोंबडीचं खाद्य महागलं, २०२४ मध्ये तर देशाला मका बाहेरून आणावा लागला. साहजिकच लोकांनी मका भरपूर पेरला, आणि २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास तोच मका २,४०० च्या हमीभावाच्या बराच खाली विकावा लागला. गेल्या वर्षीचा भाव बघून यंदाचं पीक ठरवलं की असं होतं. गावातली सगळीच माणसं तोच भाव बघत असतात.

हमीभाव कागदावर आणि हातात

सोयाबीनचा हमीभाव २०२३-२४ ला ४,६००, २०२४-२५ ला ४,८९२, २०२५-२६ ला ५,३२८. तुरीचा याच तीन वर्षांत ७,०००, ७,५५०, ८,०००. आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा, पण तो भाव मिळायला तीन गोष्टी लागतात. सातबाऱ्यावर पिकाची नोंद, म्हणजे ई-पीक पाहणी झालेली असणं. खरेदी केंद्रावर मुदतीत नाव नोंदवणं. आणि माल १२ टक्के ओलाव्याच्या आत असणं. २०२४ ला नोव्हेंबरच्या मध्यात ही अट १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, पण तोवर गरजू माणसाचा माल विकून झाला होता.

ई-पीक पाहणी उभ्या पिकात करायची असते. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्याला नंतर काही बघायला मिळत नाही. नाव नोंदवल्यावर आपला नंबर कधी येतो ते विचारत राहा आणि हेक्टरी किती क्विंटल घेतात तेही विचारा. सगळा माल घेतीलच असं नाही, उरलेला बाजारातच जातो.

ठेवायचा की विकायचा

हा प्रश्न मनावर नाही, व्याजावर सोडवायचा. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, हळद असा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजानं. सगळ्याच समित्या राबवत नाहीत, आपल्या समितीत चौकशी करा.

४,२०० चा क्विंटल ठेवला तर ३,१५० हातात येतात. सहा महिन्यांचं व्याज होतं सुमारे ९५ रुपये. गोदामभाडं, पुन्हा चढउतार, दाणा आणखी वाळून होणारी किलो-दीड किलोची घट हे सगळं धरलं तर भाव दोनशे रुपयांनी तरी वाढला पाहिजे, तेव्हा कुठं बरोबरी. खासगी सावकाराकडून महिना दोन-तीन रुपये शेकड्यानं पैसे उचलून घरात सोयाबीन ठेवणाऱ्याचं गणित यात कधीच बसत नाही. त्यानं लगेच विकावं, हे मी तोंडावर सांगते.

आमच्या गटात आम्ही अर्धा माल निघाल्या निघाल्या विकतो, त्यात खताची आणि मळणीयंत्राची देणी भागतात. उरलेल्याचे दोन भाग: एक संक्रांतीच्या पुढंमागं, एक मार्चच्या आत. याला काही शास्त्र नाही. एकाच दिवसाच्या भावावर सगळं वर्ष टांगायचं नाही, एवढाच उद्देश.

तूर आणि कांदा यांचं वेगळं आहे. तिथं गोदामापेक्षा दिल्लीकडं बघावं लागतं. तुरीला २०२१ पासून आयातीचं दार उघडं आहे. म्यानमार, मोझांबिक, टांझानियाचा माल येत राहतो. कांदा आमच्याकडं थोडाच, पण लासलगावचा हिशोब मी कौतुकानं लिहून ठेवलाय: ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठली पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्यासह, सप्टेंबर २०२४ ला मूल्याची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. कांदेवाल्यांनी आपल्या वहीत भावाच्या रकान्याशेजारी ‘सरकारी निर्णय’ असा एक रकाना पाडावाच.

दूध: रुपयांत नाही, किलोत मोजा

गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून सांगतात. त्याच्या खाली एकेक पॉईंट (०.१) उतरला की कपात. दर किती हे विचारण्याआधी ‘पॉईंटला किती कापता?’ हे विचारा. दोन डेऱ्यांचा दर सारखा असतो आणि कपातीचा तक्ता वेगळा, खरी मेख तिथं असते. तक्ता लेखी मागा. एसएनएफ उन्हाळ्यात उतरतं. हिरवा चारा तुटला, पाणी कमी पडलं, खनिज मिश्रण बंद केलं की लगेच दिसतं. पहिल्या धारेचं दूध नमुन्याला गेलं तर फॅट कमी लागतं, म्हणून सगळं दूध एकत्र ढवळूनच नमुना द्या.

मी वहीत दुधाचा दर रुपयांत लिहितेच, पण शेजारी आणखी एक आकडा लिहिते: एक लिटर दुधात किती किलो खुराक येतो. दूध ३२ आणि खुराक ३२ असेल तर एक किलो. दूध २८ वर आलं आणि खुराक ३५ झाला तर पाऊणच्या आसपास. आमच्या दावणीला एकच्या खाली गेलं की काटकसर सुरू होते, पाऊणला तर शेण विकून गाय पाळल्यासारखं होतं. दहा लिटर दूध देणाऱ्या गाईला दर अडीच लिटरमागं एक किलो आणि शरीर टिकवायला दीड किलो असा साडेपाच किलो खुराक लागतो. ३२ रुपयांनी १७६ रुपये. दुधाचे आले ३२०. उरलेल्या १४४ मध्ये चारा, औषध, रेतन, वीज आणि आपली पहाट. भाकड काळ तर यात धरलाच नाही. तो धरा, निदान वर्षाच्या हिशोबात.

सरकारी अनुदानही वेगळ्या रकान्यात लिहा. ऑक्टोबर २०२४ पासून संघानं २८ द्यायचे आणि सरकारनं ७, असं ठरलं होतं. खात्यावर ७ कधी जमा झाले याची तारीख लिहून ठेवा. दर ३५ समजून गाय विकत घेणाऱ्यानं मधल्या महिन्यांत खुराक २८ मध्येच भागवायचा असतो.

शेळी, कोंबडी, बैल

शेळीचा सौदा अंदाजावर करू नका. ताणकाटा काही फार महाग नसतो. पोटाखालून पट्टा घालून उचललं की वजन कळतं. सकाळी चरायला सोडायच्या आधी मोजा, पोट भरलेलं वजन व्यापारी धरत नाही. मग सोयाबीनसारखाच उलटा हिशोब. जिवंत वजनाच्या साधारण ४५ टक्के मटण निघतं. २५ किलोच्या बोकडाचं सव्वाअकरा किलो. तालुक्याला मटण ८०० रुपये असेल तर ९,००० झाले. त्यातून खाटकाची मेहनत, जागा, व्यापाऱ्याची फेरी आणि नफा काढला की आपल्या दारात काय मागायचं ते कळतं. पोत्याएवढा बोकड चार हजाराला देऊन वर चहा पाजणारे लोक मी बघितलेत.

बकरी ईदचा बाजार मात्र वजनावर चालत नाही. तिथं रूप, रंग, दात, शिंग बघतात. ईद दरवर्षी साधारण अकरा दिवसांनी अलीकडं सरकते: २०२४ ला १७ जून, २०२५ ला ७ जून. म्हणजे बोकड तयार करायचं वेळापत्रकही दरवर्षी सरकलं पाहिजे. आषाढात गटारीच्या आधी मागणी चढते आणि श्रावणात मंदावते. कोंबडी-अंड्यालाही तेच लागू. अंड्याचा दर राष्ट्रीय अंडी समन्वय समिती (एनईसीसी) शेकड्यानं जाहीर करते. थंडीत चढतो, उन्हाळ्यात आणि श्रावणात उतरतो. करारावर ब्रॉयलर पाळत असाल तर बाजारभाव बघून खूश होऊ नका. तुम्हाला किलोमागं ठरलेली मजुरी मिळते. भाव कंपनीचा, मर आणि जास्त खाल्लेलं खाद्य तुमच्या हिशोबात.

बैलाचा बाजार अजून वेगळाच. उदगीर तालुक्यातल्या हाळी हंडरगुळीच्या बाजारात किंवा मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत बघा. दलाल रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव करतात, बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. अशा बाजारात तोंडी भावावर विसंबू नका. बाजार समितीची पावती फाडलेल्या सौद्याचाच आकडा लिहा आणि दातासकट लिहा: अदात, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला (सगळे दात आलेला). दातांशिवाय बैलाची किंमत म्हणजे ओलाव्याशिवाय सोयाबीनची. शर्यतीच्या खोंडाचा भाव तर वेगळ्या पानावर. डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली आणि खिल्लार खोंडाचे दर शेतीच्या हिशोबाबाहेर गेले. उलट औताला लागलेल्या म्हाताऱ्या बैलाला २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर गिऱ्हाईक उरलं नाही. कायदा चांगला की वाईट हा वाद इथं नको, पण जोडी घेताना शेवटी तिची किंमत शून्य धरायची, हे वहीत लिहावं लागतं.

मोठं चित्र कुठून बघायचं

दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवसांत राज्याची आर्थिक पाहणी येते. पिकांचं क्षेत्र, उत्पादन, दूध यांचे तक्ते मराठीतच असतात. पशुगणना पाच-सात वर्षांनी होते. २०१२ आणि २०१९ शेजारी ठेवा: राज्यातली गाय-बैलांची संख्या सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आली. शेळ्या ८४ लाखांवरून १ कोटी ६ लाखांवर गेल्या. म्हशी होत्या तिथंच.

माझं मत विचाराल तर यात ट्रॅक्टरचा वाटा आहेच, पण आमच्या भागात मोठा वाटा सोयाबीनचा आहे. सासूबाईंच्या काळात खरिपाची ज्वारी होती, कडब्याची गंज दिवाळीला दारात लागायची. ज्वारीच्या रानात सोयाबीन आलं, रोख पैसा आला, कडबा गेला. भुसकट जनावर खातं, पण कडब्याची सर नाही. आता मंगळवेढ्याकडचा रब्बीचा कडबा शेकड्यानं (शंभर पेंढ्यांच्या भावानं) विकत आणायचा म्हणजे दोन गाईंच्या वर दावण वाढत नाही. शेळीला बांधावरचा पाला चालतो, म्हणून शेळी वाढली. त्यासाठी कडब्याच्या शेकड्याचा भाव वहीत असलाच पाहिजे. तो चढला की चार-सहा महिन्यांत गाईंचे भाव पडतात, आणि चारा ज्याच्याकडं असेल त्यानं गाय घ्यायची वेळ तीच.

पशुगणना वाचताना रोगही धरा. २०२२ ला लम्पी आला, जनावरांचे बाजार बंद झाले, त्या महिन्यांतल्या भावांना काही अर्थ नाही. एकविसावी पशुगणना ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. तिचे आकडे हाती आले की २०१९ च्या शेजारी आपल्या तालुक्याचा रकाना लिहून घ्या.

वहीचं पान कसं आखायचं

दोनशे पानी वही, आडवी धरून. दर शनिवारी एक ओळ. रकाने असे: तारीख, बाजार, सोयाबीन सर्वसाधारण दर, आवक, पेंड, तेल, मका, तूर, दूध, खुराक, लिटरात किलो, कडबा शेकडा, बोकड जिवंत किलो, अंडी शेकडा, आणि शेवटी मोठा रकाना ‘काय घडलं’. त्यात पाऊस, शुल्क, बंदी, रोग, सण, जे असेल ते दोन शब्दांत. एक वर्ष भरल्यावर पान उलटं वाचायला घ्या: आधी ‘काय घडलं’, मग भाव.

शेजारच्या पानावर आपले स्वतःचे सौदे. पट्टीवरचा दर नको, हातात आलेला दर लिहा: एकूण रक्कम वजा हमाली, तोलाई, आडत, भाडं, भागिले घरून निघालेलं वजन. घरचं वजन आणि काट्यावरचं वजन यांत दरवेळी एकाच बाजूनं फरक पडत असेल तर कडता (वजनातून केलेली जादा कपात) कापला जातोय का ते विचारा. तो कापायला मनाई आहे आणि त्याची तक्रार समितीच्या सचिवाकडं लेखी द्यायची असते, तोंडी नाही. पट्टी पानाला टाचून ठेवा. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पावतीवरची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून तिचा आकडा त्याच दिवशी पेनानं पट्टीच्या मागं लिहा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा.